जिथे भिंत, तिथे झरा

मिनेगिशीने आयुष्यात कधी दगड हातात धरला नव्हता, आणि तरी आमच्या केंद्रात दगडांविषयी सगळ्यात जास्त बोलायचा तोच. मी त्याच केंद्रात भूकंपमापकं बसवते. म्हणजे डोंगरात खड्डा खणायचा, यंत्र पुरायचं, हरणांनी तारा चावल्या की पुन्हा डोंगर चढायचा आणि हरणांना शिव्या देत नव्या तारा जोडायच्या. माझ्या बुटांना बारा महिने चिखल. मिनेगिशीच्या पायात बारा महिने घरातल्या सपाता. या सपातांवरून मी त्याला किती बोलले असेन त्याला हिशेब नाही, पण तो चिडायचा नाही. उलट माफी मागायचा. संगणक अडला तर तो संगणकाचीही माफी मागायचा, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आमचं केंद्र विद्यापीठाचं, युनोतानी गावाच्या वरच्या अंगाला आहे. गाव दरीतलं, गरम पाण्याच्या झऱ्यावर जगणारं. इथली माणसं एकमेकांना चेहऱ्यापेक्षा ओल्या टॉवेलवरून जास्त ओळखतात. मिनेगिशी रोज संध्याकाळी गावाच्या टोकाला फुजिएबाईंच्या कोत्सुबोया नावाच्या छोट्या खानावळवजा सरायीत आंघोळीला जायचा, तिथेच भात-मासे खायचा आणि परत येऊन पृथ्वीला वाकवत बसायचा. बायको नव्हती. नोकरी होती, पण वर्षावर्षाने मुदत वाढणारी. दर मार्चमध्ये, मुदत संपत आली की, त्याचं वजन उतरायचं.

त्याचं काम काय, ते सांगते. समुद्राचा तळ, ज्याला हे लोक प्लेट म्हणतात, आमच्या किनाऱ्याखाली घुसतोय. घुसताना तो ओल्या फडक्यासारखा पाणी घेऊन जातो. खोल गेला की वरून दाब, खालून आच. मग पिळला जातो आणि पाणी सोडतो. ते पाणी वर यायला बघतं. वरचा दगड त्याला वाट देतो, पण देताना स्वतःही फुगतो, वाकतो, दबतो. आणि दगड दबला की पाण्याची वाट पुन्हा बदलते. पाणी दगडाला हलवतं, दगड पाण्याला अडवतो. हे नवराबायकोचं भांडण कागदावर काही मिटत नाही, म्हणून ते संगणकाकडे सोपवायचं. पृथ्वीचा एक उभा काप घ्यायचा, त्याच्यावर बारीक चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीतल्या दगडाला विचारायचं, तू किती वाकलास. पाण्याला विचारायचं, तू किती सरकलंस. सगळ्यांची उत्तरं जुळली की वेळ थोडा पुढे ढकलायचा आणि पुन्हा तेच विचारायचं. असं करत करत लाखो वर्षं जातात आणि दगडही घट्ट पाकासारखा वाहायला लागतो. मिनेगिशीच्या भाषेत याला मॉडेल म्हणतात. मी याला चौकशी समिती म्हणते.

आता पृथ्वी मोठी आणि संगणक लहान. म्हणून पृथ्वीची एक पेटी कापून घ्यावी लागते. पेटी म्हटली की तिला कडा आल्या, आणि कडेपलीकडे काय चाललंय ते माहीत नसल्यामुळे आमच्याकडच्या मॉडेलात तिथे भिंत घालायची पद्धत: इथून दगड जाणार नाही, पाणीही जाणार नाही. आमच्या केंद्रातल्या पेटीची मागची भिंत युनोतानीच्या बरोब्बर खाली होती. का? तर फार वर्षांपूर्वी आमच्या होसाका सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, तरुणपणी या भागाचा पहिला काप आलेखाच्या कागदावर काढला, आणि तो कागद तिथे संपला. पुढे त्यांच्या शिष्याने तीच कड घेतली. त्या शिष्याच्या शिष्याने तीच घेतली. कड हलवायची म्हणजे सेन्सेईंचा कागद छोटा होता असं म्हणायचं, आणि हे तोंड वर करून कोण म्हणणार? केंद्रात तिला "सेन्सेईंची कड" असं आदराने म्हणतात.

मिनेगिशीने या पेटीत पहिल्यांदा पाणी आणि दगड दोन्ही एकत्र सोडले. आणि चमत्कार झाला. समुद्राच्या तळाने सोडलेलं पाणी तिरकं तिरकं चढत आलं आणि सरळ युनोतानीच्या झऱ्याखाली वर उसळलं. झरा इतक्या बरोबर जागेवर आम्ही कोणी, कुठल्याच मॉडेलात बघितला नव्हता. लेख छापून आला. परदेशातून पत्रं आली. मिनेगिशीने सपाता बदलून बूट घातले आणि भाषणं द्यायला गेला.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. सराय-मालकांच्या संघाचे अध्यक्ष तोगाशी म्हणजे गावातल्या एकुलत्या एका मिठाईच्या दुकानाचे मालक. गोल चेहरा, गोल पोट आणि धंद्याची नजर. त्यांनी पंधरवड्यात "प्लेट-मांजू" बाजारात आणलं. वाफवलेला गोड पाव, आत लाल चवळीचं पुरण आणि वर तापल्या लोखंडाने उमटवलेलं मिनेगिशीचं चित्र: समुद्राचा तळ खाली चाललाय आणि त्यातून पाण्याची रेघ वर येतेय. चवीला बरं असतं, मी खाते. मग संघाने चौकात फलक लावला. मिनेगिशीच्या लेखात एका कोपऱ्यात असं वाक्य होतं की मॉडेलमध्ये हा प्रवाह पन्नास लाख वर्षं टिकून राहिला. फलकावर ते "पन्नास लाख वर्षांची हमी" झालं. चारपाच पिढ्यांचा विचार करणाऱ्या सराय-मालकांना एकदम फार मोकळं वाटलं.

संघाने फलकावर समाधान मानलं नाही. चौकात मोठा दगड बसवून त्यावर चित्र कोरायचं ठरलं. मार्चच्या शेवटी अनावरण. आमच्या संचालकांनी मिनेगिशीला बोलावून सांगितलं, "एप्रिलपासून तुझी नोकरी कायम करायचा विचार आहे. अनावरणाला नीट टाय लाव." मार्च जवळ येत असूनही त्या वर्षी पहिल्यांदाच त्याचं वजन वाढायला लागलं.

फेब्रुवारीत मी बुटांवरचा चिखल खरवडत बसले होते तेव्हा तो दारात आला. चेहरा पांढराफटक.

"सेगावा-सान, झरा गेला."

"कुठे गेला?"

"ओसाकाच्या सपाटीवर. एका पाचिंको जुगारखान्याखाली."

मला वाटलं, हा आजारी आहे. मी खुर्ची दिली. हळूहळू उलगडा झाला. विद्यापीठाला नवा संगणक मिळाला होता, त्यावर जागा भरपूर. याने हौस म्हणून पेटी थोडी रुंद केली. बाकी काही बदललं नाही, फक्त मागची भिंत मागे सरकवली. तर पाणी युनोतानीच्या खालून न थांबता निघून गेलं आणि नव्या भिंतीपाशी जाऊन वर आलं.

"मग भिंत आणखी मागे ने," मी म्हटलं.

"नेली."

"आता कुठे?"

"पलीकडच्या समुद्रात."

मला हसू आवरेना. म्हणजे पाण्याला पुढे जायला वाट नव्हती, भिंत आडवी आली, म्हणून ते बिचारं वर चढलं. जिथे भिंत, तिथे झरा. होसाका सेन्सेईंचा कागद दोन बोटं जास्त लांब असता तर हा झरा शेजारच्या गावाला मिळाला असता आणि मांजूही त्यांनी विकलं असतं. मी टेबलावर डोकं ठेवून हसत होते.

"फुजिएबाईंचा मुलगा नोकरी सोडतोय," तो म्हणाला.

मग मात्र माझं हसू थांबलं. ही गोष्ट मलाही माहीत होती. कोत्सुबोयाचं पाणी गेली काही वर्षं थोडं थोडं निवत चाललं होतं. पूर्वी पाहुणे लालबुंद होऊन पटकन बाहेर यायचे, आता गप्पा मारत बसून राहायचे. कोणी काही बोलत नव्हतं, पण मालकीणबाई समजायचं ते समजल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा र्‍योता साकाई शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. दर वर्षी बाई त्याला सराय सांभाळायला बोलवायच्या आणि दर वर्षी तो म्हणायचा, "आणि पाणी आटलं तर मी तिथे काय करू?" या वर्षी बाईंनी त्याला चौकातल्या फलकाचा फोटो पाठवला. त्याने मार्चअखेरचा राजीनामा दिला.

"माझ्या भिंतीमुळे माणूस नोकरी सोडतोय," मिनेगिशी म्हणाला. "मार्च संपायच्या आत मला सांगायला हवं."

"आणि तुझी नोकरी?"

त्याने खाली सपातांकडे बघितलं. "तीही त्याच भिंतीमुळे आहे."

मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. मॉडेलवाल्यांबद्दल मला असं सहसा वाटत नाही.

आमच्याकडे चूक कबूल करायची तर रिकाम्या हाताने जाता येत नाही. मिठाईची पेटी लागते, आणि चूक जितकी मोठी तितकी पेटी जड. शहरात त्यासाठी नावाजलेली दुकानं आहेत. युनोतानीत एकच दुकान, आणि तिथे त्या दिवसांत एकच मिठाई. तेव्हा मिनेगिशीला आपल्या चुकीची माफी आपल्या चुकीचं चित्र छापलेल्या मांजूनेच मागणं भाग होतं. मी गाडी घेऊन बरोबर गेले, कारण हा माणूस एकटा गेला असता तर दुकानाच्या दारातूनच माफी मागून परतला असता.

तोगाशींनी हसतमुखाने विचारलं, "या सेन्सेई, या. कशासाठी हवी? लग्न, आभार, माफी? कागद वेगवेगळा लागतो."

"माफीसाठी."

"अरेरे. मग साधा कागद, रेशमी दोरी नको. कोणाची मागायची?"

"पहिली पेटी होसाका सेन्सेईंसाठी. आणि दुसरी," मिनेगिशीने पाकीट काढलं, "तुमच्यासाठी."

तोगाशींनी क्षणभरही न डगमगता दुसरी पेटी बांधली, पैसे घेतले, पेटी दोन्ही हातांनी त्याला दिली. त्याने वाकून ती दोन्ही हातांनी परत दिली. "अहो, कशाला एवढा त्रास घेतलात," म्हणत तोगाशींनी ती घेतली आणि पुन्हा फळीवर ठेवली. मग मिनेगिशीने भिंतीची सगळी हकीकत सांगितली. तोगाशी मान डोलवत ऐकत होते.

"म्हणजे झरा इथे नाही?"

"झरा इथे आहेच. पण तो इथे का आहे ते माझं मॉडेल सांगत नाही."

"आहे ना पण इथे?"

"आहे."

"मग चित्र बरोबर आहे," तोगाशी म्हणाले. "आणि चुकलं असलं तरी आता दगडावर कोरून झालंय. पावावर असतं तर छाप बदलला असता."

होसाका सेन्सेईंना आदरापोटी केंद्रात एक खोली दिलेली आहे. तिथे ते सकाळी येऊन पेन्सिलींना टोक करतात आणि जेवणानंतर झोपतात. झोप झाल्याची खात्री करून आम्ही आत गेलो. मिनेगिशीने पेटी ठेवली, चटईवर गुडघे टेकले आणि बोलायला सुरुवात केली. सेन्सेईंनी ऐकता ऐकता एक मांजू उचललं आणि त्यावरच्या चित्राकडे बराच वेळ बघितलं.

"म्हणजे माझी कड चुकीची आहे असं म्हणतोस तू?"

"नाही सेन्सेई. कड आहे तिथे आहे. झरा तिच्यामागे जातो, एवढंच."

"मग शेवटी लिहून टाक की पुढच्या काळात अधिक रुंद पेटी घेऊन अभ्यास होणं आवश्यक आहे." सेन्सेईंनी मांजूचा घास घेतला. "मीही तेच लिहिलं होतं. माझ्या सरांनीही. यात लाजण्यासारखं काही नाही. पुढच्या माणसाला काम राहतं."

बाहेर आल्यावर मिनेगिशी मला म्हणाला, "आता अनावरणालाच सांगतो. सगळ्यांच्या देखत सांगितल्यावर कोणी काय करेल?"

मी त्याला अडवायला हवं होतं. पण अनावरणाची भाषणं आमच्याकडे कशी असतात हे त्या क्षणी माझ्याही डोक्यात आलं नाही.

चौकात पांढऱ्या कापडाखाली दगड झाकलेला. खुर्च्या, हातात हिरवा चहा, मुलांच्या हातात मांजू. सगळ्यात मागे फुजिएबाई, गडद निळ्या किमोनोत. आधी तोगाशी उठले आणि म्हणाले की आमचं हे गाव म्हणजे सांगण्यासारखं काही नसलेली एक खबदाड, तिथे एवढी मोठी माणसं आली याची लाज वाटते. टाळ्या. मग संचालक म्हणाले की माझ्यासारख्या अडाण्याला या पदावर बसवण्यात काहीतरी गफलत झालेली आहे. टाळ्या. मग होसाका सेन्सेई म्हणाले की मी आयुष्यभर नुसत्या रेघोट्या ओढल्या, त्या तुम्ही गोड मानून घेतल्या. मोठ्या टाळ्या. मग मिनेगिशी उठला.

"हे चित्र चुकीचं आहे," तो म्हणाला.

टाळ्या.

तो थांबला. घाम पुसला. "झरा चित्रात इथे आलाय, कारण माझी पेटी इथे संपते. पन्नास लाख वर्षं हेही खरं नाही. पन्नास लाख वर्षांवर संगणकावरची माझी पाळी संपली, म्हणून मी तिथे थांबलो."

लोक खूश होऊन हसले. माझ्या शेजारची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "एवढा शिकलेला, पण बघा कसा जमिनीवर आहे."

"मी नम्रपणे म्हणत नाहीये," मिनेगिशीचा आवाज चढला. "खरंच चुकीचं आहे. या कामाची काही किंमत नाही."

संचालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरा नम्र माणूस नेमकं हेच म्हणेल, हे मला तेव्हा कळलं आणि मी डोक्याला हात लावला. मिनेगिशी कमरेत वाकला. समोरचा सगळा चौक वाकला. तो आणखी खाली गेला, तसे तेही खाली गेले. मग कोणीतरी कापड ओढलं. दगडावरचं कोरीवकाम मात्र सुरेख झालं होतं, ते नाकारून चालणार नाही.

स्थानिक वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी मथळा आला: "यशातही पाय जमिनीवर". आणि संचालकांनी बैठकीत सांगितलं की संशोधक पुष्कळ मिळतात, असा माणूस मिळत नाही. त्याच बैठकीत त्याची नोकरी कायम झाली. तो वाईट संशोधक आहे हे त्याने जितक्या कळकळीने सांगितलं, तितकं आमच्याकडे कोणीच कधी सांगितलेलं नव्हतं.

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी सगळे चहाकडे वळले तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "एका बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत." मीही ते बघितलं होतं. फुजिएबाई भाषण संपताच निघून गेल्या होत्या.

आम्ही आणखी एक पेटी घेऊन कोत्सुबोयाला गेलो. दारात छोटा टेम्पो उभा. त्यातून एक तगडा तरुण दूरदर्शन संच आणि हत्यारांची पेटी उतरवत होता. र्‍योता ठरल्या दिवसाच्या आधीच आला होता. मिनेगिशी दारातच थांबला. मी त्याला पाठीत बोट लावून आत ढकललं.

फुजिएबाईंनी पेटी घेतली, रिवाजाप्रमाणे आधी नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवली आणि मग समोर बसल्या. मिनेगिशीने चटईला कपाळ टेकलं.

"डोकं वर करा, सेन्सेई. चौकात बोललात ते खरं ना?"

"हो."

"मला वाटलंच. शिष्टाचाराचं बोलताना माणसाचा आवाज असा कापत नाही." बाईंनी चहा ओतला. "मग आमचं पाणी येतं कुठून?"

"माहीत नाही."

"आणि राहील?"

"तेही माहीत नाही."

वरच्या मजल्यावर र्‍योता काहीतरी सरकवत होता, त्याचा धडधड आवाज येत होता. बाई छताकडे बघत बसल्या.

"मी आताच त्याला सांगतो," मिनेगिशी उठायला लागला. "परत जाता येईल त्याला अजून. कंपनीशी मी बोलेन, माफी मागेन."

"बसा." एवढ्या मऊ बाईंचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. "त्याला काही सांगायचं नाही."

"पण पाणी जर..."

"पाण्याचं मी बघेन. गार झालं तर तापवीन. मला पाणी नको होतं सेन्सेई, मला तो हवा होता. नुसतं ये म्हटलं असतं तर आला नसता. आई, बरं वाटत नाही का, म्हणून फोन केला असता आणि फळांची पेटी पाठवली असती. तुमच्या चित्राने तो आला. त्याला वाटतंय तो झऱ्यासाठी आलाय. वाटू दे."

परत येताना गाडी मी चालवत होते. मला वाटत होतं, या माणसाने धीर एकवटून खरं बोलायचं ठरवलं आणि अख्ख्या गावात त्याला गिऱ्हाईक मिळेना. एक मिळालं, तर त्या गिऱ्हाइकाने दुकानच बंद करायला लावलं.

पुढचं त्यानेच मला सांगितलं. मे महिन्यातली संध्याकाळ. पुरुषांच्या कुंडात तो एकटाच गळ्यापर्यंत बुडून बसला होता आणि र्‍योता कडेच्या फरशा घासत होता. घासता घासता त्याने विचारलं, "सेन्सेई, ते चौकातलं चित्र खरं आहे का हो?"

मिनेगिशी म्हणतो, त्या वेळी पाणी एकदम फार गरम लागलं. बाईंना दिलेला शब्द एकीकडे, पण विचारल्यावर खोटं बोलणं त्याला जमेना.

"नाही," तो म्हणाला. "चुकीचं आहे." आणि सवयीने त्याने टाळ्यांची वाट बघितली.

र्‍योताने ब्रश खाली ठेवला. "खरंच चूक ना? नम्रता नाही ना?"

"नाही."

"मला वाटलंच होतं. पन्नास लाख वर्षांची हमी! अशी पाटी लावलेल्या लिफ्टमध्ये मी पाय ठेवणार नाही."

"मग तुम्ही नोकरी का सोडलीत?"

र्‍योता पुन्हा घासायला लागला. "नव्या वर्षाला आलो होतो तेव्हा बघितलं. आई ताटं घेऊन जिना चढते. मध्येच थांबते. मी बघतोय असं वाटलं की भिंतीवरची चौकट सरळ करते. ती चौकट सरळच असते हो. दहा वेळा सरळ करते." त्याने बादलीभर पाणी फरशीवर ओतलं. "तू म्हातारी झालीस म्हणून आलो, असं म्हटलं असतं तर तिने झाडू घेऊन हाकललं असतं मला. तुमचं चित्र बरं मिळालं. तिला मात्र सांगू नका. तिला वाटतं, मी पाण्यासाठी आलोय."

मिनेगिशीने मला हे सांगितलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे बूट साफ करत होते. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, आणि मी उगाच बुटाची नाडी सोडून परत बांधली. आई वर, मुलगा खाली, एकाच घरात, दोघंही एकमेकांसाठी खोटं बोलणारे, आणि मध्ये हा उभा. याच्यातून काही पलीकडे जाऊ द्यायचं नाही, असं दोघांनीही याला बजावलेलं.

"मग आता काय करणार?" मी विचारलं.

"तुमच्याकडे पाण्यात बुडवायचा तापमापक आहे का?"

मी पेन खाली ठेवलं असतं, पण हातात बूट होता. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे एकही उपकरण मागितलं नव्हतं. मी माझ्याकडचा सगळ्यात चांगला काढून दिला आणि कसा धरायचा तेही दाखवलं, कारण त्याने उलटा धरला होता.

आता तो रोज सकाळी कामावर यायच्या आधी कोत्सुबोयाला जातो. पायात बूट असतात. झरा जिथे खडकातून बाहेर पडतो तिथे उकिडवा बसतो, तापमापक बुडवतो आणि आकडा स्थिर होईपर्यंत हलत नाही. चौकातल्या दगडावर पन्नास लाख वर्षं तशीच आहेत आणि तोगाशींचं मांजू तसंच खपतंय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुजिएबाई, मुलाच्या कानावर जाणार नाही अशा बेताने विचारतात, "सेन्सेई, पाणी आहे ना ठीक?" तो परत निघाला की फाटकाशी र्‍योता, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने तेच विचारतो.

मिनेगिशी दोघांना सारखंच उत्तर देतो.

"आज आहे."